हृदय सुरू झाले, आता मेंदू जपायचा

बुलढाणा जिल्ह्याची एक वाटणी सरकारी नकाशात सापडत नाही, पण लोकांच्या तोंडी ती पक्की आहे. घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. मे महिन्यात मलकापुरात दुपारी रस्त्यावर उभे राहवत नाही. तीच गाडी राजूर घाट चढून संध्याकाळी बुलढाण्यात पोचली, की अंगाला वारा लागतो आणि माणसाच्या जिवात जीव येतो.

बाहेरच्या हवेत असा फरक असला, तरी घाटावरच्या आणि घाटाखालच्या माणसाच्या अंगातले तापमान एकच असते : साधारण ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे घरातल्या जुन्या थर्मामीटरवर ९८.६. उन्हाळा असो की पौषातली थंडी, शरीर हा आकडा सोडत नाही. घाम आणून, हुडहुडी भरवून, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून किंवा सैल सोडून ते त्याची राखण करते. एरवी आपल्याला या राखणीची जाणीवही नसते. पण एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले, डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केले आणि तरीही तो शुद्धीवर आला नाही, तर पुढचे दोन-तीन दिवस हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. दोन अंश वर की खाली, यावरून जगभरच्या डॉक्टरांनी गेल्या पंचवीस वर्षांत मोठमोठे प्रयोग केले, मते बनवली आणि बदललीही. या प्रवासाचा शेवट बुलढाण्यासारख्या जिल्ह्यासाठी आशादायक आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. ‘अटॅक आला’ आणि ‘हृदय बंद पडले’ ही आपण एकच गोष्ट समजतो. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने तुंबते. माणसाच्या छातीत कळ येते, घाम फुटतो, हात भरून येतो, पण तो बोलत असतो, हृदय चालू असते. हृदय बंद पडणे, म्हणजे कार्डिअ‍ॅक अरेस्ट, ही वेगळी घटना. त्यात हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरते किंवा अजिबात थांबते. नाडी लागत नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. झटक्यातून अरेस्ट होऊ शकतो, तसाच तो विजेच्या धक्क्याने, बुडण्याने, मूत्रपिंड निकामी होऊन रक्तातले पोटॅशियम वाढल्यानेही होतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांना मूत्रपिंडाच्या विकाराची ओळख नव्याने करून द्यायला नको.

मराठी माणसाला आठवेल असे अलीकडचे उदाहरण अभिनेते श्रेयस तळपदे यांचे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर त्यांना झटका आला आणि त्यातच हृदय थांबले. पुढे मुलाखतींमध्ये त्यांनी स्वतःच सांगितले, की वैद्यकीय अर्थाने आपण काही मिनिटे मृत होतो. वेळेत मदत मिळाली, हृदय सुरू झाले, ते बरे होऊन पुन्हा कामाला लागले. सगळ्यांच्या वाट्याला असे नशीब येत नाही. अनेकदा हृदय सुरू होते, रक्तदाब मिळतो, बाहेर बसलेल्या नातेवाइकांना कोणी सांगते की ‘ठोके आले’. आणि रुग्ण मात्र डोळे उघडत नाही.

याचे कारण मेंदू. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीर वापरते त्यातला पाचवा हिस्सा प्राणवायू एकटा मेंदू घेतो. साठवण त्याच्याकडे जवळपास नसते. रोजच्या मजुरीवर रोजची चूल पेटावी तसा त्याचा कारभार चालतो. रक्त थांबले की काही मिनिटांत पेशींतली ऊर्जा संपते आणि नुकसान सुरू होते.

मग रक्त परत येते, आणि नुकसान तिथे थांबत नाही. हे पटायला थोडे अवघड जाते, पण शेतकऱ्याला ते लगेच कळेल. लाइन गेली आणि परत येताना दाब कमीजास्त होत आली, की विहिरीवरची मोटार जळते. मेंदूतही तसेच काहीसे घडते. उपाशी पेशींकडे प्राणवायू एकदम धावतो तेव्हा घातक रासायनिक कण तयार होतात, कॅल्शियम पेशींत शिरते, सूज येते, पेशींची मरणाकडची वाटचाल चालू राहते. हा दुसरा घाव काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालतो. पहिल्या घावावर रुग्णालयाचा काही इलाज नसतो. तो रुग्ण पोचण्याआधीच बसलेला असतो. दुसरा घाव मात्र डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घडत असतो, त्यामुळे तो कमी करता येईल का, हा प्रश्न स्वाभाविक होता.

उत्तराची पहिली दिशा थंडीने दाखवली. शरीराचे तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची ऊर्जेची गरज सहा-सात टक्क्यांनी कमी होते. म्हणजे थंड मेंदू कमी पुरवठ्यात तग धरू शकतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी १९५८-५९ मध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या मोजक्या रुग्णांना थंड करून पाहिले आणि निकाल उत्साहवर्धक वाटले. तोंडाने श्वास देण्याची पद्धत रुजवणारे डॉ. पीटर सफर यांनीही १९६० च्या दशकात, रुग्ण शुद्धीवर येत नसेल तर त्याला थंड करावे, असे सुचवले. पण त्या काळी तापमान फार खाली, ३० अंशांपर्यंत नेले जाई. हृदयाची लय बिघडे, जंतुसंसर्ग होई, रक्तस्राव होई. उपचार मागे पडला. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले, की एवढे खाली जायची गरज नाही, ३३-३४ अंशांवरही मेंदूला फायदा होतो. तेव्हा विषय पुन्हा वर आला.

त्यात १९९९ च्या मे महिन्यात नॉर्वेत एक घटना घडली आणि साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले. बर्फावर घसरत जाणारी एक तरुण स्वीडिश डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात, बर्फाच्या थराखाली अडकली. तिला बाहेर काढायला ८० मिनिटे लागली. ट्रॉम्सो येथील रुग्णालयात पोचली तेव्हा तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंश होते आणि हृदय थांबलेले होते. हृदय-फुप्फुस यंत्रावर तिचे रक्त हळूहळू गरम केले गेले. ती वाचली आणि पुढे त्याच रुग्णालयात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करू लागली. या घटनेतला बारकावा मात्र नीट लक्षात घ्यायला हवा. तिचे शरीर आधी थंड झाले आणि हृदय नंतर थांबले. मेंदूची भूक कमी झाल्यावर पुरवठा तुटला. मलकापूरच्या बसस्थानकावर कोसळणाऱ्या माणसाच्या बाबतीत क्रम उलटा असतो. पुरवठा आधी तुटतो, मेंदू तेव्हा पूर्ण भुकेला असतो. त्याला नंतर थंड करून किती भरपाई होणार, हाच खरा प्रश्न होता.

२१ फेब्रुवारी २००२ रोजी एका प्रसिद्ध अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. पहिला युरोपातला, २७५ रुग्णांचा. बेशुद्ध रुग्णांपैकी निम्म्यांना थंड हवेच्या गादीने, लागेल तिथे बर्फाच्या पिशव्या लावून, २४ तास ३२ ते ३४ अंशांवर ठेवले. सहा महिन्यांनी या गटातल्या ५५ टक्के रुग्णांचा मेंदू चांगल्या स्थितीत होता. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण ३९ टक्के होते. दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा, डॉ. स्टीफन बर्नार्ड यांचा, अवघ्या ७७ रुग्णांचा. विषम तारखेला आलेल्या रुग्णाला थंड करायचे, सम तारखेच्या रुग्णाला नाही, अशी साधी विभागणी. थंड करण्याचे साधनही साधेच : डोक्याभोवती आणि धडावर बर्फाच्या पिशव्या, तेही रुग्णवाहिकेतूनच. ३३ अंशांवर १२ तास. या गटातले ४९ टक्के रुग्ण घरी किंवा पुनर्वसन केंद्रात जाण्याइतके सावरले, दुसऱ्या गटातले २६ टक्के.

या दोन अभ्यासांनी अतिदक्षता विभागांचे रूप बदलले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने हा उपचार सुचवला. थंड पाणी खेळवणाऱ्या गाद्या, अंगाला चिकटणारे पट्टे, मांडीच्या शिरेतून आत जाणाऱ्या शीत नळ्या अशी महागडी यंत्रे बाजारात आली. भारतातल्या मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांनीही ती घेतली. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र ही चैन परवडणारी नव्हती, आणि घाटाखालच्या एखाद्या घरात माणूस गेला की मनात टोचणी राहायची : मोठ्या शहरात नेले असते, ‘ती थंड करायची मशीन’ असती, तर वाचला असता का?

या टोचणीला विज्ञानाने पुढे उत्तर दिले, आणि ते सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

संशोधक डॉ. निकलस नीलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ च्या निष्कर्षांबद्दल एक शंका होती. त्या अभ्यासांत ज्यांना थंड केले नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांचे तापमान ३७ च्या वर गेले होते. हृदय बंद पडून सुरू झाल्यावर ताप येणे ही सर्रास घडणारी गोष्ट. शरीरभर दाह होतो, मेंदूतले तापमानाचे नियंत्रण बिघडते. व्हिएन्नातील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते, की पहिल्या दोन दिवसांत ३७ च्या वर चढलेल्या प्रत्येक अंशागणिक मेंदूची स्थिती वाईट राहण्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढलेली दिसते. मग २००२ मध्ये जो फायदा दिसला तो थंडीचा, की ताप न येऊ दिल्याचा?

हे तपासण्यासाठी युरोप आणि ऑस्ट्रेलियातील ३६ अतिदक्षता विभागांत ९३९ रुग्णांचा अभ्यास झाला. एक गट ३३ अंशांवर, दुसरा ३६ वर. ताप दोघांनाही येऊ द्यायचा नाही. २०१३ मध्ये निकाल आला : मृत्यूचे प्रमाण ५० आणि ४८ टक्के. फरक नाहीच. त्याच संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी मोठा, सुमारे १,९०० रुग्णांचा, १४ देशांतला अभ्यास पुरा केला. या वेळी एका गटाला ३३ अंशांपर्यंत थंड केले. दुसऱ्या गटाला थंड केलेच नाही, फक्त ३७.८ पर्यंत ताप चढला तर तो उतरवला. सहा महिन्यांनी पुन्हा तेच आकडे, ५० आणि ४८ टक्के. अपंगत्वातही फरक नाही. उलट थंड केलेल्या गटात रक्तदाब कोसळवणारे लयीचे बिघाड अधिक, २४ टक्के विरुद्ध १७ टक्के.

रुग्णवाहिकेतच शिरेतून थंड सलाइन सोडण्याची कल्पनाही अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरात १,३५९ रुग्णांवर तपासली गेली. २०१४ च्या निकालात जगण्याचे प्रमाण वाढले नाही, वाटेत हृदय पुन्हा बंद पडण्याचे मात्र वाढले. थंडीच्या बाजूनेही काही पुरावा उरला आहे. फ्रान्समधील २०१९ च्या एका अभ्यासात, शॉक देऊन सुरू करता येत नाही अशा लयीच्या रुग्णांना ३३ अंशांचा थोडा फायदा दिसला : चांगला मेंदू राहिलेले १०.२ टक्के, दुसऱ्या गटात ५.७. म्हणून काही डॉक्टर निवडक रुग्णांना अजूनही थंड करतात आणि तो निर्णय त्यांच्या अभ्यासावर सोडावा. पण सर्वसाधारण दिशा आता स्पष्ट आहे. बेशुद्ध रुग्णाचे तापमान ३७.५ अंशांच्या, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या, वर जाऊ द्यायचे नाही. निदान दीड दिवस, अनेक ठिकाणी पूर्ण तीन दिवस.

परदेशात चालले म्हणून इथेही चालेलच असे धरून चालणे किती महागात पडू शकते, याचा धडा महाराष्ट्रातच मिळाला आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळांच्या मेंदूला वाचवण्यासाठी त्यांना ३३.५ अंशांवर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत प्रस्थापित झाला आहे. तिथल्या अभ्यासांत त्याचा फायदा सिद्ध झाला होता. तोच उपचार आपल्याकडे तपासण्यासाठी डॉ. सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात मोठ्या नवजात अतिदक्षता विभागांत ४०८ बाळांचा अभ्यास झाला. मुंबईचे शीवचे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय, आपल्या ओळखीचे ‘सायन हॉस्पिटल’, त्यातले एक केंद्र होते. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थंड केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही. थंड केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१ टक्के. संशोधकांनी स्पष्टच सांगितले, की अशा देशांत हा उपचार देऊ नये. इथल्या बाळांच्या मेंदूला इजा होण्याची वेळ आणि रीत वेगळी असावी, असा एक अंदाज आहे. कारण काही असो, सायनसारख्या गजबजलेल्या सार्वजनिक रुग्णालयांनी हा प्रश्न स्वतः तपासला म्हणून पुढची कितीतरी बाळे एका निष्फळ आणि धोक्याच्या उपचारातून सुटली. हे काम मोठ्या अभिमानाने सांगावे असे आहे.

आता बुलढाण्याकडे येऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचे एक आहे. तोवर गंभीर रुग्ण म्हटला की घाटाखालच्यांनी अकोला गाठायचे आणि घाटावरच्यांनी छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, ही जिल्ह्याची वहिवाट होती. ती अजून पुरती मोडलेली नाही. पण हृदय सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णाच्या तापमानापुरते बोलायचे तर ३३ अंशांचे यंत्र नसणे ही आता उणीव उरलेली नाही. ताप रोखायला लागते ते जिल्ह्यात उभे करता येते : शरीराच्या आतले तापमान सतत दाखवणारी नळी, पॅरासिटामॉल, गार हवेची खोली, काखेत आणि जांघेत ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या, आणि रात्री तीन वाजताही तक्त्यावर आकडा भरणारी जागरूक परिचारिका.

हे काम सोपे आहे असा कोणाचा समज होऊ नये. २०२१ च्या त्या मोठ्या अभ्यासात ‘फक्त ताप रोखा’ या गटातल्याही ४६ टक्के रुग्णांना शेवटी थंड करणाऱ्या यंत्राची मदत घ्यावी लागली. गोळीने प्रत्येक ताप उतरत नाही. काखेतला थर्मामीटर अशा रुग्णात फसवतो, म्हणून अन्ननलिकेतून किंवा मूत्राशयातून तापमान मोजतात. रुग्णाला हुडहुडी भरली तर शरीर उलट जास्त उष्णता तयार करते, म्हणून गुंगीची औषधे लागतात, कधी स्नायू शिथिल करणारीही. आणि मे महिन्यात घाटाखालच्या रुग्णालयात वीज गेली, तर खोलीच रुग्णाला तापवायला लागते. जनित्र आणि वातानुकूलन यांची देखभाल हाही इथे मेंदूच्या उपचाराचाच भाग ठरतो.

जिल्ह्याला यातला अर्धा सराव आधीच आहे. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत दर उन्हाळ्यात उष्माघात कक्ष उघडतो. उष्माघाताच्या रुग्णाचे तापमान ४० च्या पलीकडे गेलेले असते, तो बरळत असतो किंवा बेशुद्ध असतो, आणि त्याला शक्य तितक्या लवकर, पहिल्या अर्ध्या तासातच, ३९ च्या खाली आणायचे असते. ओली चादर, पंखा, बर्फ, थंड पाणी ही साधने आणि ती वापरणारे हात तिथे तयार असतात. फरक घाईचा आहे. उष्माघातात झपाट्याने गार करायचे. हृदय बंद पडलेल्यात तापमान स्थिर धरून ठेवायचे. एखाद्याला मुद्दाम थंड केलेच असेल, तर त्याला परत उबदार करताना तासाला पाव ते अर्धा अंश इतक्या सावकाशीने यावे लागते. घाईने गरम केले तर रक्तदाब आणि पोटॅशियम दोन्ही दगा देतात.

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या घरच्यांचे काय? त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : कधी उठेल? इथे धीर धरण्याला शास्त्राचा आधार आहे. मेंदू सावरेल की नाही याचा निवाडा हृदय सुरू झाल्यापासून निदान ७२ तास उलटल्याशिवाय करू नये, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. गुंगीची औषधे शरीरातून जायला वेळ लागतो, थंड केलेल्या रुग्णात तर आणखी. एकाच तपासणीवरही विसंबत नाहीत; बाहुल्यांचा प्रतिसाद, हातापायांची हालचाल, मेंदूचा विद्युत आलेख, सीटी स्कॅन हे सगळे मिळून पाहतात. म्हणून दुसऱ्या दिवशीच ‘आता काही राम नाही’ म्हणून रुग्णाला गावी नेण्याची घाई करू नये. घरच्यांनी डॉक्टरांना दोन गोष्टी नम्रपणे विचारायला हरकत नाही : ताप किती आहे, आणि तो रोखण्यासाठी काय चालू आहे?

जे उठतात त्यांचीही वाट सरळ नसते. बोलणे-चालणे ठीक असते, पण कालचे आठवत नाही, चारचौघांत गोंधळायला होते, थकवा महिनोन् महिने जात नाही, रात्री भीती वाटते. घरच्यांना वाटते माणूस आळशी किंवा तिरसट झाला. तसे नसते, मेंदू सावरत असतो. पेरणीच्या हंगामात त्याला लगेच शेताला जुंपू नये, हिशेबाचे काम हळूहळू द्यावे आणि पुढच्या तपासण्या टाळू नयेत.

आता २०२१ च्या त्या मोठ्या अभ्यासातला एक आकडा, ज्याकडे थंडीच्या चर्चेत दुर्लक्ष झाले. जवळपास निम्मे रुग्ण जगले, असे वर म्हटले. पण अभ्यासातल्या एकूण रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांना, म्हणजे पाचांतल्या चौघांना, ते कोसळले तिथेच कोणीतरी छाती दाबून मदत केली होती. डॉक्टर नव्हे, जवळ उभे असलेले कोणीतरी. नातेवाईक, दुकानदार, वाटसरू. रुग्णालयातल्या तापमानाचा सारा खटाटोप त्या अनोळखी हातांनी राखून ठेवलेल्या मेंदूवर चालला होता. छाती दाबली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. जळगाव जामोद किंवा लोणारच्या एखाद्या वाडीत रुग्णवाहिका पोचेपर्यंत किती मिनिटे जातात, हे तिथल्या माणसाला कोणी सांगायला नको.

छाती दाबण्याचे तंत्र शिकायला एक दुपार पुरते. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत आखून दिली आहे. तोंडाने श्वास द्यायचा संकोच त्यात नाही. माणूस हलवून-हाक मारून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असे दिसले की १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. मग रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे ठेवायचे, छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवायचा, कोपरे ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंचांहून थोडे अधिक खोल दाबायचे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमल्यावर दुसऱ्याने हात बदलायचा. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे, अंगावर बर्फ ठेवणे यांत एक सेकंदही घालवायचा नाही. बर्फाचा आणि तापमानाचा विचार रुग्णालयात, हृदय सुरू झाल्यानंतर.

या जिल्ह्याला माणसे एकत्र आणण्याची आणि शिस्तीने सेवा करण्याची सवय आहे. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकऱ्यांची शिस्त साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहे. पंढरपूरहून पालखी परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा हजारो माणसे पायी चालतात, त्यांत वयस्क असतात, मधुमेही असतात, उन्हापावसाचे हाल सोसणारे असतात. अशा गर्दीत दर शंभर माणसांमागे एकाला जरी छाती दाबता आली, तरी कोणाच्या तरी घरचा माणूस परत घरी जाईल. बुलढाण्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शनिवार-रविवारी गावोगावच्या शाळांत, बाजार समित्यांत, एसटीच्या आगारांत जाऊन हे शिकवले, तर त्यांच्या अभ्यासालाही ते पूरकच ठरेल. ग्रामपंचायतींनी, गणेश मंडळांनी, महिला बचत गटांनी त्यांना बोलवावे.

वाचकाकडे मागणे एवढेच. या महिन्यात जवळच्या रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन छाती दाबण्याचे प्रशिक्षण कधी आणि कुठे मिळेल ते विचारा, घरातल्या दोघांनी तरी ते घ्या, आणि १०८ हा आकडा घरातल्या लहान मुलाकडूनही पाठ करून घ्या.